स्टँड हलला आणि बस्ते आटले: तालुक्याच्या पेठेतल्या एका कापड दुकानाचं प्रकरण (1979-80)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं, उसाच्या पट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव. दुकान आजही चालू आहे, म्हणून गावाचं आणि घराण्याचं नाव इथे देत नाही. दोघा भावांना थोरले आणि धाकटे एवढंच म्हणतो. थोरले आता हयात नाहीत. धाकट्यांनी त्या वर्षाचा रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार हिशेबाची वही), छापलेली पत्रकं आणि टॉकीजच्या पावत्या एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या आहेत. पुढचं सगळं त्या कागदांवरून आणि त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून लिहिलं आहे.

दुकान जुन्या पेठेत, वडिलांच्या वेळचं. आत पांढरी गादी, भिंतीला तक्के, चपला पायरीवर काढायच्या. माल नेहमीचा: मालेगावची लुगडी, इचलकरंजीचं धोतर आणि पॉपलीन, सोलापूरचे टॉवेल आणि चादरी, इरकल, खण, सुरतेच्या सिंथेटिक साड्या, टेरिकॉटचे पँटपीस. वरचा माल मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधून आडत्यामार्फत उधारीवर यायचा. किरकोळ गिऱ्हाईक वर्षभर असे, पण दुकान जगायचं ते बस्त्यांवर. एका लग्नाचं झाडून सगळं कापड एकाच दुकानातून, एका बैठकीत निघायचं. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, मानपानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोप्या, सगळं त्यात आलं. दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं गादीवर तीन-तीन तास बसत. त्यात एक भावातला माहितगार असे, एखादी आत्या प्रत्येक काठ उलटून पाही, आणि नवरीचा बाप कोपऱ्यात बसून मनातल्या मनात बेरीज करत राही.

जाहिरात म्हणावी असं दुकानाचं काही नव्हतं. दारावरची पाटी, गणेशोत्सवाच्या अहवालात अर्ध्या पानाची शुभेच्छा आणि जत्रेतल्या कुस्त्यांना एक फेटा, इतकंच. थोरल्यांचं म्हणणं साधं होतं: ज्याचा धंदा बसला तो दवंडी पिटतो. हा निव्वळ हट्ट नव्हता. लहान गावात दुकानाने अचानक गाजावाजा सुरू केला की त्याची बाजारातली पत घसरली की काय, अशी पहिली शंका येई. तीच शंका मुंबईच्या आडत्याच्या कानावर गेली की उधारी आखडलीच.

अडचण नेमकी काय होती

1979 च्या तुळशीच्या लग्नानंतर जी लगीनसराई सुरू झाली, तिच्यात बस्ते कमी झाले. धाकट्यांना कारण उघड दिसत होतं. एका मोठ्या गिरणीच्या कापडाची शोरूम गावात आली होती. काचेचे काउंटर, ट्यूबलाइट, दारात साडी नेसवलेला पुतळा आणि ‘एकच भाव’ची पाटी. धाकट्यांचं मत असं की लोकांना नवं हवं आहे, तेव्हा आपणही नवं दिसलं पाहिजे. त्यासाठी टॉकीजमध्ये स्लाइड लावायची, भिंती रंगवायच्या, जमलं तर ‘विविध भारती’. रेडिओवरच्या व्यापारी जाहिराती मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून 1967 पासून सुरू होत्याच.

दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजींनी मात्र वेगळाच कागद पुढे केला, आणि या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा टप्पा मला हाच वाटतो. त्यांनी खतावणीतली दोन वर्षांची बस्त्याची खाती गावागणिक मांडली. पश्चिमेकडच्या, डोंगराकडच्या वाड्या होत्या तशाच येत होत्या. गळती फक्त पूर्वेकडच्या, कालव्याखालच्या गावांत होती. शोरूमचा झगमगाट हेच कारण असतं तर दोन्हीकडची गिऱ्हाइकं सारखी गळायला हवी होती.

कारण रस्त्यात होतं. एसटी स्टँड पूर्वी पेठेच्या तोंडाशी होता, तो वर्षभरापूर्वी गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर गेला. पूर्वेकडून येणारी गाडी आता पेठेला शिवतच नव्हती. उतरलेल्या माणसाला समोर पहिली दिसायची ती शोरूम. पेठ तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर, तीही उन्हात, पोराबाळांना घेऊन. पश्चिमेकडची माणसं बैलगाडीने किंवा डोंगरवाटेने यायची, त्यांची वाट तेव्हाही पेठेतूनच जात होती.

म्हणजे दुकान माहीत नाही असं तालुक्यात कोणी नव्हतं. माणसं पेठेपर्यंत पोचत नव्हती एवढंच. पुढचे सगळे निर्णय या एका ओळीवर घासून पाहायला हवे होते. काही पाहिले गेले, काही नाही.

कोणते पर्याय समोर होते

पौष महिना रिकामा, मुहूर्त नसतात. दोघे भाऊ आणि दिवाणजी रोज रात्री दुकान बंद करून बसत.

रेडिओ लगेच बाद झाला. तालुक्यातल्या एका पेठेसाठी अर्ध्या महाराष्ट्राला ऐकवण्यात हशील नव्हतं. जिल्ह्याच्या दैनिकाचंही तसंच, पेपर गावोगावच्या चावडीवर येई पण बस्त्याचा निर्णय चावडीवर होत नसे. दुकानाचं नाव छापलेली दिनदर्शिका हा पर्याय चांगला होता. ‘कालनिर्णय’ 1973 मध्ये निघाल्यापासून खेड्यातल्या घरांतही भिंतीवर दिनदर्शिका दिसू लागली होती. पण तशी छपाई दिवाळीआधीच सांगावी लागते. डिसेंबर संपत आलेला. ते वर्ष हुकलं.

बक्षिसाची सोडत काढावी, पहिलं बक्षीस सायकल, असं एका वर्गमित्राने सुचवलं. थोरल्यांनी ते उडवून लावलं, आणि कायद्याच्या बाजूनेही ते बरंच झालं. विनापरवाना सोडती दंडसंहितेनुसार गुन्हा होत्या, आणि 1978 च्या कायद्याने बक्षीस-भिशीवाल्यांवर बंदी आल्यापासून पोलीस अशा गोष्टींकडे डोळे वटारून पाहत होते.

‘एकच भाव’ करावा का, यावर बरीच रात्र गेली. शोरूममध्ये घासाघीस नव्हती आणि शिकलेल्या गिऱ्हाइकाला ते आवडत होतं. पण बस्त्यात शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर दुकानदाराने ‘तुमच्या शब्दाखातर’ म्हणून काहीतरी सोडायचं असतं. ते सोडणं हा मानपानाचाच भाग. तो काढून घेतला तर बस्ता कोरडा होतो. तसं न करण्याचं ठरलं, आणि माझ्या मते बरोबर ठरलं.

उरलं ते हे: टॉकीजची स्लाइड, रस्त्यावरच्या भिंती, पत्रकं आणि लाउडस्पीकर लावलेला टांगा. आणखी एक पर्याय दिवाणजींनी दबक्या आवाजात मांडला, की स्टँडजवळ एक गाळा घ्यावा. थोरले म्हणाले, “वडिलांची गादी सोडून रस्त्यावर बसू का?” विषय तिथेच मिटला.

काय केलं

भिंतींपासून सुरुवात करायची होती, पण पेंटर मिळेना. लोकसभेची निवडणूक 3 आणि 6 जानेवारी 1980 ला होती आणि तालुक्यातले दोन्ही पेंटर उमेदवारांनी बांधून घेतलेले. चांगल्या भिंतीही सगळ्या चिन्हांनी भरलेल्या. संक्रांतीनंतर काम सुरू झालं. स्टँडवरून गावात वळताना लागणारी दूध सोसायटीची लांब भिंत मोक्याची होती. सोसायटीने भाडं मागितलं नाही. अट एकच, की सगळी भिंत चुन्याने पांढरी करून द्यायची आणि एका टोकाला दूध संकलनाची वेळ मोठ्या अक्षरात लिहायची. नगरपालिकेचा जाहिरात कर वेगळा भरला.

भिंतीवर काय लिहायचं, यात धाकट्यांचं डोकं खरं चाललं. आधीचा मसुदा नेहमीचाच होता: ‘अद्ययावत फॅशनचे माहेरघर’. दिवाणजींनी विचारलं, हे तर शोरूमवालाही लिहील, आपल्याकडे असं काय आहे जे त्याच्याकडे नाही? उत्तर गादीवरच होतं. शोरूममध्ये काउंटरसमोर उभं राहावं लागे, वीस माणसांना बसायला जागाच नव्हती. शेवटी भिंतीवर आलं ते असं: ‘लग्नाचा बस्ता? पंचवीस माणसांची बैठक. उरलेलं कापड परत घेऊ. जुनी पेठ.’ खाली बाण. उरलेलं कापड दुकान पूर्वीपासून परत घेतच होतं, पण ते कधी कुणी मोठ्याने सांगितलं नव्हतं.

स्लाइड धाकट्यांच्या हौसेची. काचेवर ब्रशने रंगवलेली, मध्ये नवरा-नवरी, चारी बाजूंनी कमळं. पहिले काही खेळ ती मध्यंतरात दाखवली गेली, जेव्हा निम्मं थिएटर वड्याच्या गाडीवर असतं. नंतर ऑपरेटरला सांगून ती समाचारचित्राच्या आधी घेतली. तरी थिएटरात बसलेले बहुतेक गावातलेच, ज्यांना पेठ कुठे आहे हे सांगायची गरज नव्हती. खतावणीने दाखवलेल्या गळतीशी या खर्चाचा संबंध नव्हता. स्लाइड पाहून गावातली तरुण पोरं टेरिकॉटसाठी आली म्हणतात, पण रोजमेळात त्याची खूण मला सापडली नाही.

टांग्याची कल्पना साधी होती आणि सगळ्यात कामाची ठरली. शनिवारच्या बाजारात सकाळच्या गाड्यांच्या वेळी दोन टांगे स्टँडवर उभे करायचे आणि बस्त्याच्या मंडळींना पेठेत फुकट आणायचं. स्टँड हलल्यापासून टांगेवालेही हैराण होते, ते लगेच तयार झाले. पोलीस ठाण्यातून लाउडस्पीकरची परवानगी काढली. पहिला दिवस 16 फेब्रुवारीचा धरला होता, पण त्या दुपारी सूर्यग्रहण होतं, खग्रास पट्टा खाली कर्नाटक-आंध्रातून जात होता. ग्रहणात गरोदर बायकांनी बाहेर पडू नये, अन्न शिजवू नये, डोळे जातील, या धास्तीने बाजारच भरला नाही. टांगे 23 तारखेला सुरू झाले.

आणि पहिल्याच शनिवारी घोळ. टांगेवाल्यांना फेरीमागे पैसे ठरले होते, म्हणून कोणीही चढू लागलं. कचेरीत जाणारे, दवाखान्यात जाणारे, एक तर म्हशीचा खरारा घ्यायला आलेला. सगळे पेठेच्या तोंडाशी उतरून पांगले. पुढच्या बाजारापासून चिठ्ठी आली. मंडळी गादीवर बसली की दुकानाचा शिक्का मारलेली चिठ्ठी टांगेवाल्याला मिळे, संध्याकाळी चिठ्ठ्या मोजून हिशेब होई. रिकामी फेरी अंगावर पडेल म्हणून टांगेवाले कुरकुरले. तेव्हा फेरीचे निम्मे पैसे नक्की आणि चिठ्ठीवर उरलेले, अशी तोड निघाली. बस्ता पुरा झाला तर वर एक टॉवेल. त्या टॉवेलसाठी टांगेवाले स्टँडवर मंडळींना नुसतं विचारत नव्हते, त्यांची ट्रंक उचलत होते.

मुहूर्ताची चूक

पत्रकं लोक वाचून फेकतात, मग ती ठेवावीत असं काय करायचं? धाकट्यांनी पाठीमागे त्या वर्षाचे विवाहमुहूर्त छापायचं ठरवलं. 1980 मध्ये हे विशेष उपयोगाचं होतं. मेच्या मध्यापासून अधिक ज्येष्ठ लागत होता, धोंड्याचा महिना. त्यात लग्नं नाहीत, आणि निज ज्येष्ठात मुहूर्त असले तरी तोवर पेरण्या येतात. म्हणजे उन्हाळ्यातली लग्नं वैशाखातच उरकायची होती. गावातल्या गुरुजींनी यादी हाताने लिहून दिली. छापखान्यात जुळाऱ्याने एका मुहूर्तापुढे ‘व.’च्या जागी ‘शु.’ बसवलं, वद्यातला मुहूर्त शुद्धात गेला. प्रूफ धाकट्यांनी तपासलं होतं, पण फक्त दुकानाच्या बाजूचं.

चूक कळेपर्यंत निम्मी पत्रकं वाटून झाली होती. पूर्वेकडच्या एका गावातले गृहस्थ पत्रक घेऊन आधी छापखान्यात गेले. छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव-गाव देण्याची सक्ती तेव्हा 1867 च्या कायद्याने होती, त्यामुळे तळाला छापखान्याचं नाव होतंच. तिथून ते दुकानात आले. त्यांच्या गुरुजींनी वेळीच सांगितलं म्हणून निभावलं होतं, पण पाहुण्यांना तारीख कळवून झाली होती.

इथे भावांच्या भूमिका उलटल्या. धाकटे म्हणाले, मुहूर्त जो तो आपल्या गुरुजींनाच विचारतो, उरलेली पत्रकं जाळून टाकू, बोभाटा नको. जाहिरातीला नाक मुरडणारे थोरले मात्र ऐकेनात. “कागदावर नाव आपलं आहे. खोटा वार मोजून दिला तर कापड परत घेतोस ना?” छापखान्याने नवी पत्रकं फुकट छापून दिली. पुढच्या शनिवारी टांग्यावरून चुकीची तिथी आणि बरोबर तिथी दोन्ही सांगितल्या गेल्या, आणि दुकानातला पोरगा सायकलवर पूर्वेच्या गावांतल्या चावड्यांवर दुरुस्तीचा कागद डकवून आला. गुरुजी मात्र दुखावले, लोक चूक त्यांचीच समजले. थोरल्यांनी त्यांच्या घरी जाऊन धोतरजोडी ठेवली.

या दुरुस्तीनेच दुकानाचं नाव झालं असं धाकटे आज सांगतात. मला हे जरा गोड वाटतं. चावडीवर चार दिवस चर्चा झाली असेल, पण बस्ते आले ते मुख्यतः टांग्याने आले.

हाती काय लागलं

फाल्गुन-वैशाखाच्या खात्यांत पूर्वेकडच्या गावांची नावं परत दिसू लागतात. सगळी नाहीत. कालव्याखालची दोन मोठी, पैशाने बरी गावं शोरूमकडेच राहिली. किरकोळ टेरिकॉट आणि शिकलेलं गिऱ्हाईक कायमचं गेलं. पण बस्त्यापुरती घसरण थांबली, आणि जाहिरातीचा एकूण खर्च दोन चांगल्या बस्त्यांच्या नफ्यात निघून आला. मे अखेरीस विधानसभेची निवडणूक आली तेव्हा टांगे आणि लाउडस्पीकर दोन्ही उमेदवारांनी उचलले, पण तोवर मुहूर्त संपले होते.

पाटीवर न लिहिलेली गोष्ट खतावणीच्या पुढच्या पानावर आहे. परत आलेले बहुतेक बस्ते उधारीचे होते. शोरूम रोखीवर चाले. ज्यांच्या हातात रोख होती ते तिकडे गेले, ज्यांना उसाच्या बिलापर्यंत थांबायचं होतं ते टांग्यात बसले. बिलं हप्त्याहप्त्याने येत आणि पहिल्या हप्त्यावर पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा हात आधी पडे. श्रावणापर्यंत उधारीचं पान फुगलेलं, आडत्याची पत्रं मुंबईहून दर आठवड्याला. दिवाळीचा माल भरायला थोरल्यांनी घरातलं सोनं गहाण ठेवलं. विक्री वाढली आणि गल्ला रिकामा, अशी अवस्था. वसुली पुढच्या गळीत हंगामापर्यंत चालली, थोडी बुडाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, उधारीची मर्यादा जाहिरातीच्या आधी ठरायला हवी होती. पौषातल्या त्या बैठकांत रंग, अक्षरं, कमळं सगळ्यावर बोलणं झालं, पण आलेल्या गिऱ्हाइकाला किती उधार द्यायची यावर शब्द नाही. तिसरा हिस्सा रोख, उरलेलं बिलावर, एवढा साधा नियमही पुरला असता. काही बस्ते गेले असते, पण गेलेच तर तेच जायला हवे होते.

दुसरं, स्लाइडचे पैसे शिंप्यांकडे वळवता आले असते. कापड कुठून घ्यावं हे गावोगावचा शिंपी सांगतो, आणि पूर्वेच्या गावांत त्यांच्याकडे दुकानाचं कोणीच गेलं नाही. आणि गादीवर बसलेल्या मंडळींना भिंत पाहिली, पत्रक मिळालं की टांग्यामुळे आलात, हे दिवाणजींनी चहा देताना विचारून वहीच्या कडेला टिपलं असतं, तर पुढच्या वर्षी अंदाजाने खर्च करावा लागला नसता. पुढच्या वर्षीही स्लाइड लावलीच.

धोंड्याच्या महिन्याकडेही कुणाचं लक्ष गेलं नाही. लग्नं नसली तरी जावयाला पोशाख आणि लेकीला साडी घेतात, तीही रोखीने. मुहूर्ताच्या पत्रकावर एक ओळ जास्त छापली असती तर उधारीच्या त्या दिवसांत चार पैसे रोख आले असते.

आणि गाळा. अडचण जागेची आहे हे खतावणीने दाखवल्यावर जागेचा पर्याय एका वाक्यात उडवणं ही मला या प्रकरणातली सगळ्यात महागडी गोष्ट वाटते. टांगा हा जागेच्या अडचणीवरचा हंगामी इलाज होता, दर वर्षी नव्याने खर्च मागणारा. धाकट्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते स्टँडजवळच्या अरुंद गाळ्यात पंचवीस माणसांची बैठक झाली नसती, आणि बैठक नसती तर शोरूमपेक्षा वेगळं काय उरलं असतं? या म्हणण्यात तथ्य आहे. पण गाळ्यात बस्ता करायचाच नव्हता. तिथे किरकोळ माल आणि एक माणूस ठेवून बस्त्याची मंडळी पेठेत पाठवता आली असती. थोरले गेल्यावर धाकट्यांनी स्टँडसमोर गाळा घेतलाच, तोवर त्या रांगेत कापडाची आणखी चार दुकानं झाली होती.